सहायक वैद्य : भिषक् की उपस्थाता?

आपल्या संघटनेच्या सभांमध्ये वनस्पतींची भाववाढ, भस्मांविषयी वेळोवेळी घेतले जाणारे आक्षेप, पंचकर्माचे दर अशा विषयांवर हिरिरीने चर्चा होते. एक विषय मात्र सभा संपल्यानंतर, चहाच्या वेळी, दोघा-तिघांत आणि खालच्या आवाजात बोलला जातो. तो म्हणजे चिकित्सालयप्रमुख आणि त्यांच्याकडे काम करणारे सहायक वैद्य यांच्यातील बिघडलेले संबंध. ज्येष्ठ म्हणतात, 'शिकवून तयार केले आणि वर्षभरात पलीकडच्या गल्लीत पाटी लावली.' कनिष्ठ म्हणतात, 'दोन वर्षे केसपेपर लिहिले, नाडी एकदाही हातात दिली नाही.' या दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न एका पक्षाला दोषी ठरवून सुटणारा नाही.

सदाशिव पेठेत तो अधिक तीव्रतेने जाणवतो. येथे अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे. रास्ता पेठेतील १९३३ साली सुरू झालेले टिळक आयुर्वेद महाविद्यालयही फार दूर नाही. दरवर्षी पदवी आणि आंतरवासिता पूर्ण करून तरुण वैद्य बाहेर पडतात. काही जण ॲलोपॅथीच्या रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळ्या करतात. ज्यांना शुद्ध आयुर्वेदाचीच चिकित्सा करावयाची आहे, त्यांच्यापुढे एखाद्या नामांकित वैद्यांच्या हाताखाली काम करणे हाच मुख्य मार्ग उरतो. पूर्वी वाड्याच्या ओसरीवर किंवा पुढच्या खोलीत एक टेबल आणि चार बरण्या मांडून व्यवसाय सुरू करता येत असे. आता वाड्यांच्या जागी इमारती आल्या. कुमठेकर रस्ता असो वा नागनाथ पाराचा परिसर, तळमजल्यावरील गाळ्याची अनामत रक्कम आणि भाडे नवपदवीधराच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणजे सहायकाला ज्येष्ठांची गरज आहे. आणि सकाळ-संध्याकाळ वाढलेली रुग्णसंख्या व पंचकर्माचा व्याप पाहता ज्येष्ठांनाही सहायकावाचून चालत नाही. परस्परांची इतकी गरज असलेल्या दोघांत इतकी अढी का पडावी?

प्रस्तुत लेखकाच्या मते या विकाराचे मूळ एका संदिग्धतेत आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण सांगितले. या चौकटीत आपला सहायक वैद्य कोठे बसतो? पदवीने आणि नोंदणीने तो भिषक् आहे. प्रत्यक्षात मात्र आपण त्याला उपस्थात्याच्या पाटावर बसवतो. दोघांच्या गुणांची तुलना केली असता गोष्ट स्पष्ट होते. दाक्ष्य आणि शौच हे दोन गुण दोघांनाही समान आहेत. उरलेले दोन निराळे आहेत. भिषकाला शास्त्राचे निर्मळ ज्ञान आणि बहुशो दृष्टकर्मता हवी. उपस्थात्याला परिचर्येचे ज्ञान आणि भर्त्याविषयी अनुराग हवा. चिकित्सालयप्रमुख सहायकाकडून अपेक्षा करतात ती अनुरागाची, म्हणजे निष्ठेची. सहायक येतो तो दृष्टकर्मतेसाठी, म्हणजे अनुभवासाठी. आपण जे मागतो ते उपस्थात्याचे आहे आणि तो जे मागतो ते भिषकाचे आहे. हा हिशेब सुरुवातीला कोणीच मांडत नाही. तो मांडला जातो तो भांडणाच्या दिवशी.

भांडण एका दिवसात होत नाही हे वैद्यांना सांगावयास नको. संचय, प्रकोप, प्रसर या अवस्था शांतपणे होऊन गेलेल्या असतात. आपल्याला दिसते ती व्यक्तावस्था. दोषसंचय कोठे होतो ते पाहू.

पहिले स्थान पैशाचे. 'सध्या शिका, मानधनाचे पुढे पाहू' या वाक्यातील 'पुढे' कधी येत नाही. काही ठिकाणी ठरावीक रकमेऐवजी टक्केवारी दिली जाते. पंचकर्माच्या बिलावर टक्केवारी देणे एकवेळ समजू शकते, परंतु औषधविक्रीवर टक्केवारी देणे हे रुग्णाच्या दृष्टीने घातक आहे. ज्याला तीन पुड्या पुरेशा होत्या त्याला सात औषधे जातात, आणि त्यातील चार कशासाठी दिली हे प्रमुखांनाही ठाऊक नसते.

दुसरे स्थान विद्येचे. इतिवृत्त सहायकाने लिहावे, परीक्षण ज्येष्ठांनी करावे, औषधे सहायकाने समजावून सांगावीत, अशी विभागणी सोयीची आहे. परंतु अमुक रुग्णात वमन का टाळले, तमुक रुग्णात गुग्गुळकल्पापेक्षा घृत का निवडले, याची चार वाक्ये जर कोणी सांगत नसेल, तर सहायकाची दृष्टकर्मता वाढत नाही. फक्त हस्ताक्षर सुधारते.

तिसरे स्थान रुग्णाचे. रुग्ण कोणाचा? ज्येष्ठांचे नाव ऐकून तो आला, परंतु सहा महिने त्याची विचारपूस सहायकाने केली. सहायकाच्या मोबाईलमध्ये त्याचा क्रमांक असतो. येथूनच संशय सुरू होतो. काही चिकित्सालयांत संशयापोटी सहायकाची मूळ पदवी-प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेतली जातात. हे सर्वथा अनुचित आहे. दुसऱ्याची प्रमाणपत्रे कुलूपबंद करून कोणाचा अनुराग मिळत नाही.

चौथे स्थान औषधाचे. अनेक ज्येष्ठांचे स्वतःचे योग आहेत, ते वर्षानुवर्षांच्या अनुभवातून सिद्ध झालेले आहेत, आणि ते कोणी उचलून नेईल ही भीती खोटी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने वैद्याला स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्यास परवान्यापासून सूट दिली आहे. ही सूट 'स्वतःच्या रुग्णांपुरती' आहे. सहायकाने तोच योग बाहेर डब्यांत भरून विकावयास घेतला तर तो केवळ गुरूचा विश्वासघात राहत नाही, कायद्याचाही प्रश्न होतो. हे त्याला पहिल्या दिवशी समजावून सांगितले पाहिजे.

या भीतीपोटी अलीकडे करारपत्रांत एक कलम दिसू लागले आहे : 'नोकरी सोडल्यानंतर इतकी वर्षे, इतक्या अंतरात व्यवसाय करणार नाही.' या कलमाचे मूल्य काय, हे प्रमुखांनी आणि सहायकांनी दोघांनीही जाणून घ्यावे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार तितक्यापुरता शून्य ठरतो. आपल्या विषयाशी थेट संबंधित असा एक जुना निवाडा आहे. झांजिबार येथे व्यवसाय करणाऱ्या एका डॉक्टरांनी तीन वर्षांसाठी सहायक नेमला. सहायकाने वर्षभरातच काम सोडून त्याच गावी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. चार्ल्सवर्थ विरुद्ध मॅकडोनाल्ड या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात १८९८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या सहायकाला तीन वर्षांची मुदत संपेपर्यंत तेथे व्यवसाय करण्यास मनाई केली. म्हणजे मान्य केलेल्या मुदतीच्या आतील बंधन न्यायालयाने मानले. पुढे १९६७ साली कल्याणच्या एका कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच दृष्टिकोन घेतला. मात्र नोकरी संपल्यानंतरचे बंधन ही वेगळी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये असे बंधन वाजवी असेल तर मान्य होते; आपल्या कलम २७ मध्ये वाजवीपणाची ती पळवाट नाही. त्याला मुख्य अपवाद आहे तो व्यवसायाचा नावलौकिक विकत देण्याचा. एखादे ज्येष्ठ वैद्य निवृत्त होताना आपले चिकित्सालय नावलौकिकासह विकत असतील, तर विकणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येते. एरवी 'पेठेत पाटी लावायची नाही' हे कलम बहुतांशी कागदावरचे भय आहे. त्यावर विसंबून राहणाऱ्या प्रमुखांना शेवटी ना सहायक मिळतो, ना संरक्षण.

संबंध बिघडल्याची किंमत कोण मोजतो? पेठेतल्याच एका चिकित्सालयातील गोष्ट आहे. विरेचनासाठी एका रुग्णेचे स्नेहपान सुरू होते. चौथ्या दिवशी सायंकाळी मानधनावरून वाद झाला आणि सहायक वैद्य निघून गेल्या. दिवसागणिक दिलेली स्नेहमात्रा, जरणास लागलेला काळ, कोष्ठाविषयीचे निरीक्षण, हे सारे त्यांच्या खाजगी वहीत होते. केसपेपरवर केवळ 'स्नेहपान चालू' इतकेच. पाचव्या दिवशी सकाळी रुग्णा उपाशीपोटी येऊन बसली आणि तिला किती तूप द्यावे हे कोणालाच सांगता येईना. शेवटी शोधन रद्द करावे लागले. त्या बाईंनी ना प्रमुखांचे काही बिघडवले होते, ना सहायकांचे. पुन्हा त्या आयुर्वेदाकडे वळतील का, याचे उत्तर आपण आपल्या मनाशी द्यावे. शिवाय १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रसिद्ध निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आलेली आहे. अशा प्रसंगी 'ते सहायकाने केले' हे प्रमुखांना सांगून सुटता येत नाही.

आता चिकित्सा. निदानपरिवर्जन ही पहिली पायरी, परंतु ज्यांच्या चिकित्सालयात विकार आधीच व्यक्त झाला आहे त्यांनी काय करावे, हे अगोदर पाहू.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. आपल्याकडे सहा महिने अबोला आणि मग एक दिवस विगृह्य संभाषा, असा क्रम पडला आहे. संधाय संभाषेसाठी कसा माणूस हवा याचे जे वर्णन तेथे येते त्यात दोन गुण शेजारी-शेजारी आहेत : ज्याची समजूत घालता येते, आणि ज्याला समजूत घालता येते. ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोघांनीही हे दोन्ही गुण स्वतःत तपासून पाहावेत. बैठक रुग्णांसमोर किंवा औषधे देणाऱ्या खिडकीपाशी होऊ नये. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात अन्य कोणत्याही कामासाठी मिळत नाही, ती या कामी लावावी. पैसा, विद्या आणि रुग्ण या तीन विषयांची सरमिसळ होऊ देऊ नये. थकलेल्या मानधनाचा विषय निघाल्यावर 'पण मी तुम्हाला शिकवले' हे उत्तर नव्हे. आणि शिकवण्याचा विषय निघाल्यावर 'पण तुम्ही उशिरा येता' हेही उत्तर नव्हे. उशिरा येण्याचा विषय स्वतंत्र घ्यावा आणि सहायकाने त्याचे उत्तर द्यावे.

प्रथम कोणी बोलावे? सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात शिष्योपनयन सांगताना शिष्याची कर्तव्ये तर सांगितलीच. पण त्यापुढे गुरूच्या तोंडी असेही घातले आहे की, तू नीट वागत असताना मी जर अन्यथा वागलो तर मी पापाचा धनी होईन आणि माझी विद्या निष्फळ होईल. अग्नीच्या साक्षीने शिष्याला बांधून घेणाऱ्या गुरूने स्वतःलाही त्याच वेळी बांधून घेतले आहे. तेव्हा ज्याच्या हाती अधिकार अधिक, त्याने प्रथम आपल्या बाजूचे देणे मांडावे. याने ज्येष्ठांचा मान कमी होत नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला : 'आम्ही आमच्या गुरूंकडे फुकट राबलो, खल केले, पुड्या बांधल्या.' हे खरे आहे आणि आदरणीय आहे. परंतु त्या काळी गुरुगृही राहणाऱ्या शिष्याच्या जेवणाची आणि निवाऱ्याची काळजी गुरू घेत असत. आजच्या सहायकाला खोलीचे भाडे, खानावळ आणि पेट्रोल यांचा खर्च स्वतः करावा लागतो. परंपरा पाळावयाची तर ती पूर्ण पाळावी. तिच्यातील सेवा तेवढी ठेवून निर्वाह वगळू नये. दुसरा आक्षेप : 'गुरू-शिष्यांत लेखी करार म्हणजे अविश्वास.' वर सांगितलेले उपनयन म्हणजे साक्षी ठेवून, अटी उच्चारून केलेला करार नाही तर दुसरे काय आहे? चरकांनी तर शिष्याने आचार्याची परीक्षा करावी, हे आचार्याने शिष्याची परीक्षा करण्याच्या आधी सांगितले आहे. सहायकांनीही रुजू होण्यापूर्वी दोन दिवस चिकित्सालयात बसून पाहावे, आधीच्या सहायकांशी बोलावे, आणि मगच होकार द्यावा.

लेखी मजकूर एका पानाचा पुरे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात. कामाचे दिवस व वेळा, मानधनाची रक्कम आणि ते देण्याची तारीख. औषधविक्रीवर टक्केवारी नसावी. पहिल्या सहा महिन्यांत काय शिकवले जाईल, किती पंचकर्मे पाहावयास व किती हाताने करावयास मिळतील, आणि आठवड्यातून कोणत्या एका तासात रुग्णचर्चा होईल, हे लिहावे. ज्या वैद्याने रुग्ण तपासला त्याचीच स्वाक्षरी व नोंदणी क्रमांक केसपेपरवर असावा. प्रत्येक नोंद चिकित्सालयाच्या कागदावर व्हावी. खाजगी वहीत काहीही राहू नये. मूळ प्रमाणपत्रे पाहून लगेच परत करावीत. प्रमुखांच्या योगांविषयी गुप्तता पाळण्याचे वचन सहायकाने द्यावे. रुग्णांचे क्रमांक व माहिती ही ना प्रमुखांची मालमत्ता, ना सहायकाची. ती रुग्णाने उपचारांसाठी दिलेली आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. ती उचलून नेऊ नये. उलट, रुग्णाने स्वतःहून विचारले तर सहायक कोठे गेले हे त्याला खोटे सांगू नये. कोणत्या वैद्याकडे जावे हे ठरवण्याचा अधिकार शेवटी रुग्णाचाच आहे.

काम सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची असावी, हे आपले शास्त्रच सांगते. दीपन-पाचनाचे तीन ते पाच दिवस, स्नेहपानाचे तीन ते सात, नंतरचे विश्रामाचे दिवस, प्रत्यक्ष शोधन, आणि शुद्धीनुसार तीन, पाच अथवा सात दिवसांचा संसर्जनक्रम. एका शोधनास सुमारे तीन आठवडे लागतात. तेव्हा एक महिन्याहून कमी सूचना कोणीही देऊ नये; सहायकाने देऊ नये, आणि 'उद्यापासून येऊ नका' म्हणणाऱ्या प्रमुखांनीही नाही. आपण सुरू केलेल्या रुग्णाचा संसर्जनक्रम पूर्ण होईपर्यंत सहायकाने चिकित्सालय सोडू नये, एवढा एक नियम पाळला तरी वर सांगितलेल्या प्रसंगासारखे प्रसंग टळतील.

सहायकांनाही दोन कठोर शब्द सांगणे आवश्यक आहे. रात्री मोबाईलवर संदेश पाठवून दुसऱ्या दिवशी न येणे, नोकरीत असताना संध्याकाळी त्याच रुग्णांना आपल्या खोलीवर बोलावणे, 'सरांना आता पूर्वीसारखे पाहता येत नाही' असे रुग्णाच्या कानी घालणे, हे अन्यायाविरुद्धचे लढे नव्हेत. उद्या आपल्याकडे सहायक ठेवण्याची वेळ येईल तेव्हा हेच आपल्या वाट्याला येईल. आणि पहिल्या पाटीचा आनंद ज्यांनी शिकवले त्यांना सांगून घ्यावा, इतरांकडून कळू देऊ नये. ज्येष्ठांनीही त्या दिवशी आशीर्वाद द्यावा आणि जमल्यास आपल्याकडील गर्दीतले काही रुग्ण पाठवावेत. नव्या वैद्याकडे पंचकर्माची जागा नसते. ज्येष्ठांची पंचकर्मशाळा दुपारी रिकामी असते. वाजवी शुल्कात ती वापरू दिली तर प्रतिस्पर्धी होऊ पाहणारा माणूस सहकारी होतो.

औषधालयाचे मालक या भांडणात बाहेरचे नाहीत. दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी प्रथम त्यांच्याच गल्ल्यापाशी ऐकली जातात. त्यांनी ती इकडून तिकडे नेऊ नयेत. प्रमुखांच्या नकळत सहायकाला 'आमचे कल्प लिहा' म्हणून भेट किंवा वाटखर्च देऊ करू नये. सहायकाने नवी पाटी लावल्यावर त्याला औषधे उधारीवर देण्यास कोणाचाही आक्षेप नाही, मात्र जुन्या चिकित्सालयाची चिठ्ठी पाहून रुग्णाला नव्याकडे वळवणे हा व्यापार नव्हे.

शेवटी संघटनेस एक विनंती. एका पानाचा नमुना-करार संघटनेने तयार करून प्रसिद्ध करावा. त्यासोबत दोन ज्येष्ठ वैद्य, दोन कनिष्ठ वैद्य आणि एक औषधालयमालक अशी पाच जणांची मध्यस्थ समिती नेमावी. तक्रार आल्यापासून पंधरा दिवसांत दोघांना समोरासमोर बसवावे; निकाल देण्यापेक्षा थकलेले मानधन, अपूर्ण नोंदी आणि अर्धवट उपचारांतले रुग्ण या तिन्हींची व्यवस्था लावून द्यावी. समितीपुढे जे बोलले जाईल ते बाहेर जाऊ नये. वाचकांपैकी ज्यांच्याकडे आज लेखी करार आहेत, त्यांनी नावे झाकून त्यांच्या प्रती पुढील त्रैमासिक सभेस आणाव्यात, म्हणजे नमुना कोऱ्या कागदावरून सुरू करावा लागणार नाही. सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय चहाच्या आधी असावा. इत्यलम्.